आमच्या घरी दिवा विझवतात

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या आधीच पोटात घालाव्या. हे कोणी वाचेल असं वाटत नाही, तरी सांगून ठेवलेलं बरं. मी चौथीपर्यंत शिकले, तेही फळ्याकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. अक्षर तर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली असं वाटावं. त्यातून जो शब्द मला आज लिहायचा आहे तो गुरुजींनी शुद्धलेखनात कधी घातलाच नाही. तो शब्द ‘विझव’. आम्ही बोलताना ‘इझव’ म्हणतो. पुस्तकात तो कसा असतो हे नातीच्या वाचनमालेत शोधून पाहिलं, तेव्हा कळलं.

लिहायचं कारण असं झालं. काल शेजारची नवी सून हळदीकुंकवाला आली होती. माझा मुलगा देवापुढून उठताना सहज म्हणाला, “आई, दिवा विझवू का?” तर त्या पोरीनं तोंडावर हात ठेवला. भल्या घरात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. विझणं म्हणजे संपणं, म्हणून आपली माणसं तो शब्द टाळतात आणि उलटा बोलतात. हे मलाही माहेरी शिकवलं होतं. पण आमच्या घरी दिवा विझवतात, गेली कितीतरी वर्षं. का, ते त्या पोरीला तोंडानं सांगणं मला जमलं नाही. चार माणसांत माझा आवाजच निघत नाही. म्हणून इथे लिहिते.

हा शब्द आमच्या घरात जमादारबाबांनी आणला.

ते जिनाचे, म्हणजे सरकी काढायच्या कापूस कारखान्याचे, जमादार होते; फाटकाची राखण त्यांच्याकडे. त्यांना नाव होतं, सगळ्यांनाच असतं, पण आम्ही बायांनी ते कधी घेतलं नाही. समोर ‘जमादारबाबा’, आणि पाठीमागे ‘विझवबुवा’. त्यांना दोन्ही नावं माहीत होती. दुसऱ्या नावानं कोणी हाक मारली असती तर ते जास्त खूश झाले असते असं मला वाटतं.

आर्वीला दिवाळीच्या तोंडावर नवा कापूस येई. बैलबंड्यांची रांग लागे आणि जीन सुरू होई. म्हणजे ज्या दिवसांत घरोघरी दिवे लागत त्याच दिवसांत आमच्याकडे कापसाच्या गंज्या लागत. लांब शेडमध्ये रेचे मांडलेले असत. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. एकेका रेच्यावर एकेक बाई उभी राहून त्याला हातानं कापूस भरवी. शेडभर रुई उडे. केसांवर, भुवयांवर, आढ्यावर, सगळीकडे. आढ्यावरून तर रुईचे धागे कोळिष्टकांसारखे लोंबत. मिस्तरी दिवसभर मागून ओरडत फिरे, “वाढव, हात वाढव, कापूस वाढव.” एवढं सोडून त्याला दुसरं बोलता येत होतं की नाही, मला शंका आहे.

आणि फाटकावर जमादारबाबा.

त्यांचा दुपट्टा नेहमी ओला असे. सकाळी विहिरीवर तो बुडवून, पिळून, तसाच डोक्याला गुंडाळत. दिवाळीच्या थंडीत शिंकत असत, पण दुपट्टा कोरडा होऊ देत नसत. कानावर एक बिडी खोवलेली असे. ती कोणाकडून तरी जप्त केलेली होती. ती त्यांनी कधी पेटवली नाही आणि कधी फेकलीही नाही. म्हणत, “ही माही कैदी हाय.” शेडच्या दारात खुंटीला गोणपाटं टांगलेली असत, आणि ते येता-जाता त्यांवर पाणी शिंपडत, जसं कोणी तुळशीला घालावं.

आत जाताना प्रत्येकीला पदर आणि ओटी झाडून दाखवावी लागे, काडेपेटी नाही म्हणून. हे चालू असताना जमादारबाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

“झाडा वो बाई. मी भिताडाकडं पाहून राह्यलो.”

पाहत नसत, पण ऐकत. काडेपेटी वाजते. बांगड्या, किल्ल्या, पोतडीतला अडकित्ता, या सगळ्यांतून काडेपेटीचा आवाज ते वेगळा काढत. आमच्यातली एक म्हातारी बिडीवाली होती. तिनं एकदा काडेपेटी पानाच्या पोतडीत कापूस कोंबून अशी बसवली की काही वाजू नये. ती पुढे गेली तसे जमादारबाबा भिंतीलाच म्हणाले, “मावशी, आज तुमचा अडकित्ता मुका काऊन झाला?”

म्हातारी म्हणाली, “तुमचे कान झडले असन.”

“माहे कान झडले तं मंग सुपारीबी काऊन नाई वाजली?”

मावशीनं पेटी काढून त्यांच्या पाठीवर फेकून मारली. त्यांनी ती उचलली, पाण्याच्या बादलीत बुडवली, आणि संध्याकाळी ओल्या काड्यांसकट तिला परत दिली. “तुमचा माल,” म्हणाले. “वाळवून घेजा. पन घरी.”

दिवाळीत आणखी एक कटकट होती. सणाला ज्यांना नवं लुगडं मिळे त्या पाडव्याला ते नेसूनच कामावर येत. नवं लुगडं कांजीनं ताठ असतं, त्याचा पदर कंबरेत राहत नाही, सारखा सुटतो. जमादारबाबा अशा बाईला रेच्यावर जाऊ देत नसत. तिनं फाटकातच पदर मागून घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची, मग त्यांच्यासमोर धान्य पाखडल्यासारखे हात हलवायचे. गाठ सुटली की परत. बाया चिडत. एक म्हणाली, “वर्साचं एक लुगडं, तेबी तुमच्या बापाच्या भेवानं बोचक्यासारखं नेसू का?”

“माह्या बापाच्या नाई, रेच्याच्या भेवानं,” ते म्हणाले. “तो नवं-जुनं नाई पाहत.”

वसुबारसेच्या संध्याकाळी ते जिनामागच्या आमच्या वस्तीत येत. आमची घरं कुडाची, वर गवत. प्रत्येकीच्या दारात भरलेली घागर आहे का, चूल आणि कूड यांत हातभर जागा आहे का, पणत्या कुठे ठेवणार, हे सगळं पाहत. पणती पाण्याच्या ताटलीत ठेवायची, आणि ताटली अंगणात, असा त्यांचा नेम होता. पोरांच्या टिकल्या ते मोजून घेत नसत, पण दगडावर फोडायच्या, दारात नाही, हे प्रत्येक पोराकडून म्हणवून घेत.

माझ्या सासूबाईंचं आणि त्यांचं यावरून दरवर्षी वाजे. सासूबाई तोंडानं फटकळ होत्या. घरात बोलायचं काम त्यांचं, ऐकायचं माझं, आणि दोघी सुखी होतो. एकदा आम्ही चकल्या तळत असताना जमादारबाबा दारात येऊन नाक फुगवून उभे राहिले.

“जळल्याचा वास येऊन राह्यला.”

“चकलीचा हाय तो,” सासूबाई म्हणाल्या. “एक जळली.”

“काऊन जळली?”

“तुमाले दारात पाहून.”

ते आत आले, जळकी चकली उचलली, तिचा तुकडा मोडून खाल्ला. मग दुसरा. चुलीतली लाकडं किती बाहेर आली आहेत ते वाकून पाहिलं, एक आत सारलं, आणि उरलेली चकलीही खाल्ली.

“खाऊनबी राह्यले अन् इचारूनबी राह्यले,” सासूबाई मला म्हणाल्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

“तेल लई तापलं व्हतं,” ते म्हणाले. “चवीवरून समजते.”

त्यांच्या घरचीही तक्रार होती. त्यांची बायको नदीवर धुणं धुताना सांगे, “सैपाक झाला का हे चुलीपाशी बसते, राख थंडी होवलोक. माह्यापाशी कधी इतकं नाई बसले.”

मात्र सगळ्यात जास्त हसू होई ते त्या शब्दाचं. सुटीची घंटा झाली की शेडमधला कंदील उतरवत. तेव्हा ते आम्हा सगळ्यांना उभं करून विचारत, “आता काय करा?” आणि आम्ही म्हणायचं, “इझवा.” वाढवा नाही, शांत करा नाही. इझवा. असं का, म्हणून विचारलं तर दर वेळी वेगळं कारण सांगत. एकदा म्हणाले, “देवाले काईबी म्हना, त्याले समजते. इस्तवाले साफ सांगा लागते.” दुसऱ्यांदा म्हणाले, “माह्या दातात फट हाय, वाढव त्यातून सांडते.” खरं कारण त्यांचं त्यांना ठाऊक.

बाया तोंडापुढे पदर धरून तो शब्द पुटपुटत. मी तर नुसते ओठ हलवी. माझे मालक बंडी हाकत, गावोगावचा कापूस आणत. रस्त्यावरच्या माणसाच्या बायकोनं असा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे काय? जमादारबाबांच्या ते लक्षात आलं होतं. “सूनबाई,” ते म्हणत, “तुहे ओठ हालतेत, पन माह्या कानापर्यंत काईच येत नाई.” मी खाली पाही.

मोठ्यानं म्हणे ती फक्त मंगली. ती गोंडाची, कारंज्याच्या बाजूच्या जंगलातून, ज्या वर्षाचं पुढे सांगते त्याच वर्षी आलेली, माझ्या शेजारच्या रेच्यावर उभी राही. माझ्याच वयाची. घरी त्यांची स्वतःची बोली, थोडी हिंदी, आणि मराठी जेवढी जिनात कानावर पडे तेवढी. ‘इझव’मध्ये अशुभ काय आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला तो इतर शब्दांसारखाच एक शब्द होता. जमादारबाबांनी विचारलं की ती शाळेतल्या पोरीसारखी खणखणीत म्हणे, “इझवा!” आणि जमादारबाबा आमच्याकडे पाहत, की बघा.

आता त्यांच्या रुपयाचं सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. दिवाळीच्या आधीच्या पगारातून शेडमधली प्रत्येक बाई त्यांच्या हातात एक रुपया ठेवी. त्याला ‘विस्तवाचा रुपया’ म्हणत. म्हणजे एका दिवसाची मजुरीच. तो एका पत्र्याच्या पेटीत जाई. कामावर किंवा घरी जिच्या हातून विस्तव सांडला नाही तिला तुळशीच्या लग्नाला तो परत. सांडला तर त्यातून बादल्या आणि गोणपाटं घ्यायची. ही रीत त्यांनीच काढलेली होती. जिनाच्या मालकांचा तिच्याशी संबंध नव्हता. मी असतानाच्या दिवाळ्यांत कोणाचा रुपया गेलेला मला आठवत नाही. मावशीचासुद्धा परत मिळाला.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला मालकीणबाई पहिल्यांदाच जिनात आल्या. नागपूरकडच्या, गोऱ्या, बोलायला गोड. आधी गादीवर वह्यांची पूजा झाली. मग त्या म्हणाल्या, लक्ष्मी तर शेडमधूनच येते, तिथेही ओवाळू या. मोठी पितळी समई उचलून पहिल्या रेच्यापुढे ठेवली. जमादारबाबा असते तर त्यांनी ती अंगणात नेऊन पाण्याच्या परातीत ठेवली असती. पण बाहेर रस्त्यावर गावातली पोरं फटाके फोडत होती, आणि ते बादली घेऊन फाटकाबाहेर उभे होते, गंज्यांकडे पाठ आणि पोरांकडे तोंड करून.

त्या फटाक्यांनीच माझी लेक दचकून रडू लागली होती. ती तेव्हा रांगायची. आमच्या पोरांच्या झोळ्या बाहेर कडुलिंबाखाली असत. मी तिची झोळी सोडून आणली आणि शेडच्या आत कोपऱ्यातल्या खांबाला बांधली. तिथे आवाज कमी येत होता. खांबाच्या पायाशी रुईचा ढीग होता. ती झोपली.

आरती झाली. यंत्रं बंद होती, शेड शांत होती. सगळे बताशे आणि लाह्या घ्यायला ओसरीवर गेले. मीही गेले, रांगेत शेवटी उभी राहिले. मालकीणबाई दारातून बाहेर पडता पडता मागे वळल्या. समईपाशी मंगली उभी होती.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तेवढा दिवा वाढव आणि मग ये हो प्रसादाला.”

मी ते ऐकलं, पण माझ्या कानाला त्यात काही खटकलं नाही. ते नेहमीचंच बोलणं होतं. खटकलं ते भिंतीमुळे. ओसरीवरून शेडची आतली भिंत दिसत होती, आणि तिच्यावरचा उजेड कमी व्हायच्या ऐवजी मोठा होत चालला होता.

मी दारापाशी गेले. मंगलीनं तेलाची बाटली घेऊन समईत ओतलं होतं. आता ती काडीनं एकेक वात वर ओढत होती, मन लावून, जीभ दातांत धरून. दिवसभर मिस्तरी ओरडे, वाढव, वाढव, तसं ती वाढवत होती. ज्योत वीतभर झाली होती. वर आढ्यावरून लोंबणारे रुईचे धागे तिच्या गरम वाऱ्यानं हलत होते.

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. मी म्हणाले, “बाई, तो दिवा...” ते त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.

“हो,” त्या हसून म्हणाल्या, “मीच सांगितलंय तिला वाढवायला.”

मला पुढे काही बोलता येईना. नुसतं मंगलीचं नाव घेऊन हाक मारली असती तर तिनं माझ्याकडे पाहिलं असतं आणि वात आणखी ओढली असती. तिला मराठीत दिव्याविषयी एकच शब्द येत होता. तो मला येत होता, पण मी कधी म्हटला नव्हता. आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ होती, आणि माझे मालक रस्त्यावर होते.

तेवढ्यात एक धागा लागला. दुधाला उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती आग आढ्यावरून सरसर कोपऱ्यातल्या खांबाकडे निघाली.

मी ओरडले, “मंगले, इझव! इझव तो दिवा!”

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. ओसरीवरच्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. फक्त मंगली हलली. तिनं एक क्षण विचार केला नाही. दारातल्या खुंटीवरचं ओलं गोणपाट ओढलं आणि समईवर टाकून वर दोन्ही हात दाबून धरले. मी मालकीणबाईंना ढकलून आत शिरले. खरंच ढकललं. झोळीची वरची दोरी पेटली होती. मी लेकीला खालून उचललं आणि दोरी माझ्या मागे तुटून रुईत पडली.

मग जमादारबाबा आले. त्यांनी बादली ढिगावर ओतली, डोक्यावरचा ओला दुपट्टा सोडून बांबूला गुंडाळला, आणि आढ्यावरची आग कोळिष्टकं झाडावीत तशी झाडून काढली. ती शेड राहिली. रुईचा एक ढीग भिजून काळा झाला आणि एक झोळी गेली. लेक माझ्या खांद्यावर जागी झाली, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या केसांतली रुई ओढू लागली. मी तिचे पाय, हात, कान, सगळं चाचपून पाहिलं. कुठे काही नव्हतं. मग मी तिला घेऊन खाली बसले.

मालकीणबाई घाबरल्या होत्या. घाबरलेल्या माणसाला काहीतरी पकडायला लागतं. त्यांनी शब्द पकडला.

“लक्ष्मीपूजनाच्या दिवशी,” त्या म्हणाल्या, “हे असलं तोंडातून काढलं कोणी?”

सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्या बाया जमिनीकडे पाहू लागल्या, म्हणजे माझ्याकडे नाही पाहिलं तरी मीच आहे हे कळावं. मी लेकीला पदराखाली घेतलं.

जमादारबाबा बांबू टेकून म्हणाले, “मी बोललो.”

“बाईचा आवाज होता तो.”

“थंडीनं माहा आवाज बारीक होते,” ते म्हणाले, आणि खात्री पटावी म्हणून शिंकले.

मावशी फसकन हसली. मग दुसरी. मग मालकीणबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. मंगली अजून गोणपाट दाबून बसली होती. ती म्हणाली, “मिस्तरी म्हंते वाढव, मी वाढवते. बाई म्हनली वाढव, मी वाढवलं. मंग माहं काय चुकलं?”

“तुहं काईच नाई चुकलं,” जमादारबाबा म्हणाले. “हात काढ आता. इझला तो.”

“आमच्याकडे असंच म्हणतात हो,” मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

“म्हनत असन, बाईसाहेब. पन पोरगी तुमच्याकडची नाई. अन् इस्तव तं कोनाकडचाच नाई.”

मालकीणबाई पुढे आल्या. खाली वाकून त्यांनी मंगलीला हात धरून उठवलं, आणि आपल्या हातानं बताशे दिले. त्या वाईट नव्हत्या. दरवर्षी जमादाराला दिवाळीचा कोट मिळे, तो त्या वर्षी मिळाला नाही. ते मात्र मालकीणबाईंनी मनात ठेवलं असावं. जमादारबाबा म्हणाले, नवा कोट कोरडा असतो, बरं झालं.

माझं खरं भय घरी होतं. सासूबाईंना बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांनी नातीला पोटाशी घेतलं, तिचे मुके घेतले, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“तुह्या तोंडून ते निंघालं म्हंतेत.”

मी मान हलवली.

“माहा पोरगा रस्त्यानं हाय,” त्या म्हणाल्या. एवढंच. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती रात्र आणि दुसरा सगळा दिवस आम्ही दोघी दारात बसून होतो. पाडवा होता, पण मी कामावर गेले नाही. सगळीकडे ओवाळण्या चालल्या होत्या. माझे मालक सकाळीच यायचे होते. दुपार टळली. प्रत्येक बंडीच्या आवाजाला सासूबाई उठत आणि परत बसत. माझ्या मनात तोच शब्द फिरत होता, पण एक सांगते, तो म्हटला याचा पश्चात्ताप मला एकदाही झाला नाही. मांडीवर लेक होती. तिच्याकडे पाहिलं की तो शब्द मला देवाच्या नावासारखा वाटे. आणि रस्त्याकडे पाहिलं की तोच शापासारखा वाटे. दोन्ही एकदम.

उन्हं उतरल्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आमच्याच. एका बैलाच्या पायात काटा मोडला म्हणून उशीर झाला होता. बंडीवरून उतरता उतरता त्यांनी आम्हा दोघींना दारात तशा बसलेल्या पाहिलं आणि म्हणाले, “काऊन वो? कोनी मेलं का काय?”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. पाडव्याच्या दिवशी, उंबऱ्यात, हे बोलणं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “घ्या,” त्या म्हणाल्या, “आपल्या घरात कोनाच्याच जिभेले हाड नाई.”

मी मालकांना ओवाळलं. रात्री जेवणं झाली, लेकीला चटईवर निजवलं. तिच्या डोक्याशी कोनाड्यात दिवा होता. सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, तो दिवा...” आणि थांबल्या. लेकीकडे पाहिलं. “तो दिवा इझव,” म्हणाल्या. मी विझवला. तेव्हापासून आमच्याकडे तो शब्द आहे.

रुपयाचं राहिलं. जिनाचा हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींनी आगीच्या दुसऱ्याच दिवशी ती पत्र्याची पेटी उचलून नेली, जळक्या रुईच्या भरपाईत. जमादारबाबा भांडले. “तो रुपया आग लागू नाई म्हून हाय,” ते म्हणाले, “लागल्यावरचा नाई.” मुनीमजी म्हणाले, “लागली ना? मग झालं.” आम्ही बायांनी आशा सोडली. मंगली आणि मी तर सोडलीच, कारण विस्तव सांडला तो आमच्याच शेजारी.

तुळशीच्या लग्नानंतरच्या बाजाराच्या दिवशी पगार घेऊन आम्ही फाटकातून निघालो, तर जमादारबाबा भिंतीकडे तोंड करून उभे, आणि उजवा हात मागे पसरलेला. हातात नवे पैसे. ते नुकतेच निघाले होते. तांब्याचे, एवढेसे, मुलांच्या खेळातल्यासारखे. “एकेकीनं आनाभर घ्या,” ते भिंतीला म्हणाले. “मुनीमजीनं पेटी नेली. पन रुपया तुमी माह्या हातात देल्ला व्हता.”

मावशी म्हणाली, “पगारातून देऊन राह्यले का बावा?”

“तुमी पैसे घ्या. चौकशी घरी करजा.”

आण्याचे सहा नवे पैसे, असं दर बाजाराला. सगळ्यांना, मंगलीला आणि मलाही. थंडी गेली, ऊन तापू लागलं, जिनातला कापूस ओसरला, तरी बाजाराच्या दिवशी तो हात मागे पसरलेला असेच. होळीच्या सुमाराला सोळा आणे पुरे झाले. त्या दिवशी ते मागे वळले आणि दोन्ही हात झटकून दाखवले, जसे आम्ही त्यांना दाखवत असू.

घरी सासूबाईंनी ते सगळे नवे पैसे रांगेनं मांडले. “रुपयाचे शंभर व्हतेत,” त्या म्हणाल्या. पुन्हा मांडले. “चार कमी हायेत. खाल्ले वो तुह्या इझवबुवानं.” मी म्हटलं, असू द्या. चार पैशांसाठी त्या माणसाला विचारायला जाणं माझ्याकडून होणार नव्हतं, आणि मी सासूबाईंनाही जाऊ दिलं नसतं.

होळीच्या संध्याकाळी वस्तीत होळी रचली होती. जमादारबाबा येणार हे ठरलेलंच होतं, बादली आणि ओला दुपट्टा घेऊन. पण त्याआधी ते आमच्या दारात आले. कुडाकडे तोंड करून उभे राहिले, आणि हात मागे केला. तळहातावर चार नवे पैसे होते.

“सहाच्या हिशेबानं आना धरत गेलो,” ते कुडाला म्हणाले. “सरकारचा शंभरचा रुपया हाय, माहा सोळाचा. दोनी जुळत नाईत. रात्री ध्यानात आलं, मंग झोप नाई लागली. घरोघर वाटत आलो.”

मी पुढे होऊन त्यांच्या तळहातावरून एकेक पैसा उचलला. लेक माझ्या कंबरेवर होती, तिनं शेवटचा उचलला आणि तोंडात घालायला निघाली, तो मी काढून घेतला.

“पुरे हाय का, सूनबाई?” त्यांनी विचारलं.

“पुरे हाय, बाबा,” मी म्हणाले. कुडाकडे तोंड असूनही त्यांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.